पोरं कॉलेज मध्येच का सोडतात? एक्सेलच्या एका फाईलवर कसं शोधायचं

आधीच सांगून टाकतो, ह्यात डॅशबोर्ड नाही आणि एआय पण नाही. एक लॅपटॉप, एक्सेल नाहीतर गुगल शीट, ऑफिसातल्या हेडक्लार्कशी बरे संबंध आणि आठवड्यातनं दोन तास फोन करायला तयार असलेली दोन-तीन माणसं, एवढं जमलं की काम सुरू होतंय. मी कोल्हापुरात एका कॉलेजात कॉमर्स शिकवतो, सीएचबीवर (म्हणजे तासावर पगार, नोकरी कायम नाही), आणि आयक्यूएसीची (कॉलेजच्या गुणवत्ता समितीची) सगळी आकडेमोड माझ्याच गळ्यात पडलीय कारण एकदा कधीतरी स्टाफरूममध्ये मी व्हीलूकअप (एका यादीतलं दुसऱ्या यादीत शोधून आणणारं एक्सेलचं सूत्र) लावून दाखवला होता. ती चूक झाली. आता कुणाचीही शीट अडकली की माझ्याकडंच येते.

ह्या विषयावर सगळ्यात जास्त काम झालंय ते अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत. म्हणजे दोन वर्षांची कॉलेजं, घराजवळ, फी कमी, ॲडमिशनला कुणालाच आडकाठी नाही, आणि निम्मं जग नोकरी करत शिकणारं. पहिलं असलं सरकारी कॉलेज इलिनॉय राज्यात जोलिएटला १९०१ साली निघालं, आणि योगायोग बघा, त्याच साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. आपल्या गारगोटी, आजरा, चंदगड, राधानगरीकडची पोरं पहाटे धारा काढून, डेअरीला दूध घालून एसटी पकडून येतात, त्यामुळं आयआयटीवाल्यांच्या अनुभवापेक्षा ह्या कॉलेजांचा अनुभव आपल्याला जास्त लागू पडतो. फक्त त्यांची सॉफ्टवेअरं बघून हुरळून जायचं नाही, त्यांनी प्रश्न कसे विचारले ते बघायचं.

तर पहिलं काम म्हणजे प्रश्न ठरवणं, आणि इथंच बहुतेकांची गाडी घसरते. "विद्यार्थ्यांच्या प्रगतीचा अभ्यास" हा प्रश्न नव्हे, ते नॅकच्या (कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या) फाईलचं नाव आहे. प्रश्न असा पाहिजे की उत्तर आलं की सोमवारी कुणीतरी उठून काहीतरी वेगळं करेल. आमचा पहिला प्रश्न होता: बी.कॉम. भाग एकला ॲडमिशन घेतलेल्यांतली कोण कोण पहिल्या सेमचा परीक्षा फॉर्मच भरत नाहीत? बस्स. ह्याचं उत्तर म्हणजे नावांची यादी, आणि यादीवर फोन करता येतो. सरासरीला फोन करता येत नाही.

आता टक्क्यांचं. कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागतो बघा, "निकाल ८३ टक्के". समजा ॲडमिशन झाल्या १२०, परीक्षेला बसली ८४, पास झाली ७०. सत्तर भागिले चौऱ्याऐंशी, ८३ टक्के, फ्लेक्स अगदी खरा. पण सत्तर भागिले एकशेवीस करा, ५८ येतात. नापास झालेल्या १४ जणांसाठी आपण जादा तास लावतो, अहवाल लिहितो, फोटो काढतो, आणि जी ३६ पोरं परीक्षेलाच आली नाहीत त्यांच्याबद्दल मीटिंगमध्ये चकार शब्द निघत नाही कारण ती कुठल्या टक्क्यातच नाहीत. म्हणून नियम एकच, खाली नेहमी ॲडमिशनचा आकडा घ्यायचा आणि ती बॅच शेवटपर्यंत तीच धरायची, मधे कुणी गेलं तरी नाव खोडायचं नाही. अमेरिकेत सरकारला जो पदवीचा दर कळवतात तो पण बॅच धरूनच असतो, आणि दीडपट मुदत देऊन, म्हणजे दोन वर्षांच्या कोर्सला तीन वर्षं. त्यांच्या त्या हिशोबात पण भोकं आहेत, पहिल्यांदाच आणि पूर्णवेळ आलेली पोरंच त्यात मोजतात, पार्टटाईमवाली आणि दुसरीकडनं बदलून आलेली निसटतात. पण निदान गेलेला गेला म्हणून दिसतो तरी.

माहिती कुठनं आणायची, तर ती आपल्याकडं असतेच, फक्त पाच जणांच्या पाच कपाटांत असते. ॲडमिशनची यादी ऑफिसात, परीक्षा फॉर्मची यादी परीक्षा विभागात, हजेरी ज्याच्या त्याच्या कॅटलॉगमध्ये, इंटर्नलचे मार्क डिपार्टमेंटला, स्कॉलरशिपचं महाडीबीटीवालं (सरकारी पोर्टलवरचं) जे काही असेल ते त्या टेबलवरच्या क्लार्ककडं. हे सगळं एकदम मागू नका. मी पहिल्या वर्षी मागितलं आणि सगळ्यांना वाटलं ह्याला आपली चौकशी करायचीय, महिनाभर कुणी काही दिलं नाही. दुसऱ्या वर्षी फक्त दोन याद्या मागितल्या, ॲडमिशनची आणि फॉर्म भरलेल्यांची, आणि हेडक्लार्कांना त्याच बैठकीत त्यांची एक अडलेली फी-बाकीची शीट लावून दिली. त्यानंतर ते स्वतःच विचारायला लागले, "सर, हजेरी पण हवी काय?"

दोन याद्या जोडताना नावावर जोडू नका. कोल्हापूर जिल्ह्यात एका वर्गात पाटील किती असतात हे मी सांगायला नको, त्यात वडिलांचं नाव पण सारखं निघतं, एका यादीत आडनाव आधी, दुसरीत शेवटी, आणि इंग्रजीत एकच नाव तीन स्पेलिंगांनी. पीआरएनवर जोडा, म्हणजे विद्यापीठानं प्रत्येक पोराला दिलेल्या कायमच्या नंबरवर. तो कॉलम आधी 'टेक्स्ट' करून घ्या, मगच नंबर पेस्ट करा, कारण एक्सेल फक्त १५ अंक लक्षात ठेवतं, त्याच्यापुढचे अंक गुपचूप शून्य करून टाकतं, आणि नंबरच्या सुरुवातीला असलेलं शून्य तर खाऊनच टाकतं. मग फॉर्म भरलेली पोरं पण न भरलेल्यांत दिसतात आणि तुम्ही त्यांना फोन करून शिव्या खाता. खाल्ल्यात मी. आधार नंबर तर मागूच नका, त्याची गरज नाही आणि ती जोखीम आपल्या लॅपटॉपमध्ये कशाला.

मोबाईल नंबरचा कॉलम मात्र निवांत बसून बघा. मी सहज म्हणून एकदा नंबरांवर 'डुप्लिकेट' लावला तर एकाच नंबरवर डझनभरापेक्षा जास्त पोरं निघाली. आधी वाटलं टायपिंगची चूक. फोन लावला तर पलीकडनं आवाज आला, "हॅलो, नेट कॅफे." ॲडमिशनचा फॉर्म पोरांनी तिथनं भरलेला, ओटीपी लवकर यावा म्हणून कॅफेवाल्यानं आपलाच नंबर आणि आपलाच ईमेल ठोकलेला. म्हणजे आम्ही सेमिस्टरभर जे मेसेज पाठवत होतो, फीची तारीख, फॉर्मची तारीख, इंटर्नलची तारीख, ते सगळे त्या माणसाच्या फोनमध्ये साठत होते आणि तो बिचारा ते कॉलेजची जाहिरात समजून पुसत होता. ह्याच्यावर उपाय काय, तर पहिल्या आठवड्यात वर्गात एक कागद फिरवायचा, पोरानं स्वतःच्या हातानं स्वतःचा आणि घरातल्या एकाचा नंबर लिहायचा, आणि तिथंच बसून मिस कॉल द्यायचा. खर्च शून्य. माझ्या मते आमच्याकडं ह्या एका गोष्टीनं जेवढं काम झालं तेवढं कुठल्याच विश्लेषणानं झालं नाही.

यादी जोडून झाली की पोरं कुठं गळतात ते टप्प्याटप्प्यानं बघायचं. ॲडमिशन झाली, पहिल्या महिन्यात एकदा तरी वर्गात दिसला का, पहिली इंटर्नल दिली का, फॉर्म भरला का, पेपरला बसला का, सगळे विषय सुटले का एटीकेटी लागली (म्हणजे काही विषय मागं ठेवून पुढच्या वर्गात), पुढच्या जूनला भाग दोनला परत आला का. प्रत्येकाला एक कॉलम, एक आणि शून्य. खाली बेरीज. कुठल्या दोन टप्प्यांमध्ये आकडा धाडकन पडतो ते डोळ्यानं दिसतं, त्याला स्टॅटिस्टिक्स लागत नाही. माझा अंदाज होता की पोरं अकाऊंट्समध्ये नापास होऊन सोडतात. आमच्याकडं तसं नव्हतं, पेपर व्हायच्या आधीच बरीच गेलेली होती. तुमच्याकडं वेगळं असेल, म्हणून तर मोजायचं.

गेलेली सगळी गळालीच असंही धरू नका. नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा घेऊन बाहेर पडायची सोय आहे, कुणी क्रेडिट घेऊन दुसऱ्या कॉलेजात जातं, कुणी आयटीआयला. आणि आपल्या भागातला खास प्रकार म्हणजे भरतीवाली पोरं. पहाटे ग्राउंड, दुपारी अकॅडमी, कॉलेजात नाव फक्त बोनाफाईड आणि पासपुरतं. पोलिसात नाहीतर मिलिटरीत लागला तर त्याच्या घरी पेढे वाटतात आणि आपल्या शीटमध्ये तो 'ड्रॉपआऊट'. त्याला वेगळा कॉलम द्या.

आता फोन. यादी लहान ठेवा, आठवड्याला एका माणसामागं दहा नावं, जास्त नाही. शंभर नावांची यादी दिली की कुणीच एकही फोन करत नाही. पहिलं वाक्य हजेरीवरनं झापायचं नसावं. मी असं सुरू करतो, "कॉलेजमधनं सर बोलतोय, परीक्षेचा फॉर्म दिसत नाही तुझा, काही अडलंय का?" आणि गप्प बसायचं. एकदा एका पोराच्या घरी लावला तर आईनं उचलला.

"सर, त्यो झोपलाय. रातपाळी करून आलाय न्हवं. उठवू काय?"

नको म्हटलं, संध्याकाळी करतो. संध्याकाळी कळलं की पोरगा शिरोली एमआयडीसीत तिसऱ्या शिफ्टला आहे, शिफ्ट सुटते सकाळी सातला आणि आमचं पहिलं लेक्चर साडेसातला. पोरगा म्हणला, "सर, येतोय मी, पण बाकावर बसलं की डोळा लागतोय, मग मॅडम बाहेर काढतात, म्हणून यायचंच बंद केलं." हजेरीच्या शीटमध्ये तो नुसता २१ टक्के होता. त्याला दुपारच्या तुकडीत टाकला, प्राचार्यांची एक सही लागली. आता हे एका पोराचं झालं, पण मग आम्ही फोनच्या नोंदीत 'नोकरीची वेळ' असा पर्याय टाकला आणि तसली अजून बरीच निघाली.

फोनवर कळलेलं कारण लगेच लिहायचं, आणि ठरलेल्या सात-आठ कारणांतलंच एक निवडायचं, नाहीतर वर्षाअखेरीस निबंध वाचत बसावं लागतं. आमची यादी अशी आहे: पैसे, नोकरीची वेळ, प्रवास, घरचं (ह्यात पोरींची लग्नं आली, आजारपण आलं), विषय झेपत नाही, दुसरीकडं ॲडमिशन, भरती, आणि 'कळलंच नाही'. शेवटचं कारण तुम्हाला वाटेल त्यापेक्षा जास्त वेळा येतं.

पैशाचं कारण आलं की किती पैसे ते विचारा. हे विचारायला आपल्याला लाज वाटते पण विचारा. अटलांटातल्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीनं हाच हिशोब मांडला, कळलं की बरीच पोरं फीच्या थोड्याशा बाकीवरनं नाव कमी होऊन जातायत, मग २०११ पासून त्यांनी ती बाकी परस्पर भरायला छोटी मदत सुरू केली, पोरानं अर्ज करायची पण गरज नाही, यादी कॉलेजच काढतं. आपल्याकडं स्कॉलरशिप मंजूर असते पण खात्यावर यायची असते आणि तोवर ऑफिस फॉर्म अडवून धरतं, हे चित्र सगळ्यांना माहीत आहे. अशी नावं वेगळी काढून प्राचार्यांपुढं ठेवली आणि "ह्यांचा फॉर्म हमीपत्रावर घेऊया" म्हटलं तर बहुतेक वेळा घेतात, कारण समोर ठरावीक नावं असतात आणि रक्कम असते. प्रवासाचं पण तसंच. एसटीचा पास सवलतीत मिळतो हे माहीत असतं पण बोनाफाईड काढायला दोन चकरा होतात, म्हणून पहिल्या महिनाभर पोरगं तिकीट काढून येतं आणि मग आठवड्यातनं तीनच दिवस येतं. बोनाफाईड एकाच दिवशी वर्गात वाटले तर तो प्रश्न तिथंच मिटतो.

आता माझी एक मोठी चूक सांगतो. दुसऱ्या वर्षी मला फार हुशारी आली होती. हजेरी, इंटर्नल, बारावीचे मार्क, फी-बाकी असं सगळं मिळून मी प्रत्येक पोराला गुण दिले आणि खालच्या वीस नावांना लाल रंग मारून ती शीट स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, वर लिहिलं "धोक्यातील विद्यार्थी". रात्री नऊला टाकली. सकाळी पहिल्या लेक्चरला जायच्या आत स्क्रीनशॉट पोरांच्या ग्रुपवर फिरत होता. लाल यादीतली एक मुलगी त्या दिवसापासून आली नाही, फोन उचलला नाही, आणि मैत्रिणीकडनं कळलं ते असं की "मी नापासच होणार आहे हे सरांनी लिहूनच दिलंय". जिला थांबवायचं म्हणून ही सगळी उठाठेव केली तिलाच मी हाकलून लावलं. तिच्या घरी मॅडमना घेऊन दोनदा जाऊन आलो तेव्हा पुढच्या सेमला आली.

तेव्हापासून आमच्याकडं रंग बंद, गुण बंद, 'धोका' हा शब्द बंद. यादीचं नाव "ह्या आठवड्यात बोलायचं" एवढंच. यादी प्रत्येक मेंटरला, म्हणजे फोन करणाऱ्याला, फक्त त्याच्या दहा जणांची, शीट शेअर करताना नावानिशी परवानगी, डाऊनलोड बंद, आणि नोटीसबोर्डवर कुठलीही यादी नाही. जात, धर्म, आजारपण असले कॉलम फोनच्या यादीत नसतात. जातीचा किंवा मुलगा-मुलगीचा कॉलम फक्त वर्षाअखेरीस बघायचा, कुठल्या गटातली पोरं जास्त गळतायत आणि आपली मदत कुणापर्यंत पोचत नाहीये हे तपासायला, एखाद्या पोराबद्दल अंदाज बांधायला नव्हे. डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ साली झालाय, त्यात अठरा वर्षांखालच्याला मूल धरलंय आणि पालकांची संमती लागते, म्हणजे अकरावी-बारावीच्या पोरांचं असलं काही करायचं असेल तर आधी प्राचार्यांशी बसून नीट लिखापढी करून घ्या.

आणि हे सगळं करून फरक पडला का, ते कसं बघायचं? इथं स्वतःला फसवणं फार सोपं आहे. "जादा तासाला आलेली पोरं जास्त पास झाली" हे वाक्य प्रत्येक कॉलेजच्या अहवालात असतं. अरे बाबा, जी पोरं रविवारी जादा तासाला येतात ती तशीही पास होणारीच होती. अमेरिकेत पर्ड्यू युनिव्हर्सिटीत कोर्स सिग्नल्स नावाची लाल-पिवळ्या-हिरव्या दिव्यांची सिस्टीम होती, दावा असा की हे दिवे असलेले दोन किंवा जास्त कोर्स केलेली पोरं कॉलेजात जास्त टिकतात. २०१३ मध्ये काही जणांनी साधी शंका काढली की जो पहिल्या सेमलाच गेला तो दुसरा कोर्स करणार कसा, जी टिकली त्यांनीच दोन कोर्स केले की. म्हणजे रंकाळ्याला रोज फेरी मारणारे म्हातारे दीर्घायुषी असतात म्हटल्यासारखं झालं, जगलेत म्हणून तर फेरी मारायला येतायत.

ह्याच्यावर खरा उपाय म्हणजे चिठ्ठ्या. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं २००७ साली आपल्या कम्युनिटी कॉलेजांत एएसएपी नावाचा कार्यक्रम सुरू केला, पूर्णवेळ शिकायची अट, बदल्यात उरलेली फी माफ, पुस्तकांना मदत, बस-मेट्रोचा पास, आणि थोडीच पोरं सांभाळणारा एक सल्लागार ज्याला वरचेवर भेटावंच लागतं. एमडीआरसी ह्या संस्थेनं लॉटरी पद्धतीनं कुणाला मिळालं कुणाला नाही असे दोन गट करून तपासलं, तीन वर्षांत पदवी मिळवणारे कार्यक्रम मिळालेल्या गटात ४० टक्के आणि न मिळालेल्यात २२. प्रत्येक पोरामागं खर्च जास्त आला, पण मिळालेल्या प्रत्येक पदवीमागं खर्च उलट कमी पडला. आपल्याकडं एवढा पैसा नाही, पण जादा वर्गात जागा ३० आणि नावं ६० आली तर वशिल्यापेक्षा सरळ वर्गात पोरांसमोर चिठ्ठ्या टाका, भांडण पण होत नाही आणि तुलना करायला दुसरे तीस आपोआप मिळतात. तीसपैकी १८ इकडं आणि १५ तिकडं पास झाली तर लगेच पेपरात बातमी देऊ नका. तीन पोरांचा फरक आहे, अजून एक वर्ष बघा. सात जणांच्या वर्गात तर एक पोरगा पास झाला की निकाल १४ टक्क्यांनी उड्या मारतो, असल्या ठिकाणी टक्के लिहूच नका, "सातपैकी चार" लिहा.

वेळापत्रक म्हणाल तर पहिल्या आठवड्यात नंबरांचा कागद, महिन्यानं वर्गात न दिसलेल्यांची यादी, पहिल्या इंटर्नलनंतर दुसरी, आणि फॉर्मची मुदत संपायच्या दहा दिवस आधी तिसरी. मुदत संपल्यावर यादी काढून काय करणार, लेट फी? पावसाळ्यात एक गोष्ट लक्षात ठेवा, पंचगंगेला पूर आला की शिरोळ, करवीर भागातल्या पोरांची हजेरी पडते, २०१९ आणि २०२१ ला तर घरंच पाण्यात होती. त्या आठवड्यांची हजेरी हिशोबातनं काढून टाका, नाहीतर गाव पाण्यात होतं म्हणून पोरगं 'अनियमित' ठरतं.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे पण केलंच पाहिजे. आमच्यासारख्या सीएचबीवाल्यांचा भरवसा नसतो, पुढच्या जूनला ऑर्डर निघेल न निघेल, आणि माणूस गेला की फाईल पण त्याच्या पेनड्राईव्हमधनं जाते. म्हणून शीट कॉलेजच्या ईमेलवर ठेवा, स्वतःच्या नको. पहिल्या पानावर कुठला कॉलम कुठनं आला, 'परत आला' म्हणजे नक्की काय धरलं आणि एक-शून्य कुणी कधी भरलं ते साध्या मराठीत लिहा. आणि फाईलला वर्ष आणि वर्गाचं नाव द्या, माझ्याकडं अजून 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल सरांचं' अशा तीन फाईली पडल्यात आणि त्यातली खरी कुठली ते मलाच उघडून बघावं लागतं.